पॉवर जॅक बदलायला घेताय? आधी जुना जॅक काढायला शिका

पिन थोडी हलवली की चार्जिंग येतं, सोडली की जातं. हा पॉवर जॅकचा, म्हणजे चार्जरची पिन जिथे घुसते त्या सॉकेटचा, दोष. लॅपटॉप रिपेअरिंग शिकणाऱ्याकडे असं काम लवकर येतं, कारण पार्ट छोटा आणि काम वरकरणी सरळ दिसतं. जॅक काढायचा, नवा लावायचा, झालं. खरं तर चालू मदरबोर्ड कायमचा बंद पाडायचा असेल तर याच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. तुम्हाला मल्टिमीटर वाचता येतो, सोल्डरिंग थोडंफार जमतं, हे धरून चालतो. मूळ अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

लॅपटॉप उघडण्याआधी दोष जॅकचाच आहे ना, ते पक्कं करा. ॲडॉप्टरच्या लेबलवर १९ किंवा १९.५ व्होल्ट असेल तर प्लगवर मीटरने साधारण तेवढंच मिळायला हवं. मोजताना केबल प्लगच्या गळ्याशी वाकवून बघा, ती आतून तुटते ती बहुतेक तिथेच. डेल आणि एचपीच्या मध्ये सुई असलेल्या जाड प्लगवर नवखे हमखास चुकतात. मधली सुई पॉवरची नसते, ओळख पटवण्याची असते. व्होल्टेज नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यात मोजायचं. ती सुई मोडली किंवा तिची वायर तुटली, की लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही, मशीन मंद चालतं, आणि डेल तर सुरू होतानाच ॲडॉप्टर ओळखता येत नसल्याचं सांगतो. अशा वेळी तेवढ्याच वॅटचा दुसरा चांगला ॲडॉप्टर लावून बघितल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

प्लग लावल्याबरोबर ॲडॉप्टरचा दिवा विझत असेल तर ते बहुधा बोर्डवरचं शॉर्ट आहे. बॅटरी सोडवून जॅकच्या पॉझिटिव्ह आणि ग्राउंडमध्ये ओहम मोजा. रीडिंग शून्याला चिकटलं असेल तर नुसता जॅक बदलून काही होणार नाही.

जॅक तीन प्रकारचे. एकात जॅकला वायरी असतात आणि त्यांचा कनेक्टर बोर्डवर बसतो. हे मिळालं तर नशीबवान आहात, सोल्डरिंग नाही. फक्त पार्ट मागवताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे बोर्ड आणि दोन वेगळ्या केबली असू शकतात. केबलवरच्या टेपवर छापलेला पार्ट नंबर, वायरींची संख्या, कनेक्टरच्या पिना, लांबी आणि जॅकचं माप जुळवा. ५.५ बाय २.५ मिमी आणि ५.५ बाय १.७ मिमी बाहेरून सारखेच दिसतात, फरक मधल्या पिनेत असतो. दुसरा प्रकार थेट बोर्डवर सोल्डर केलेला. यापुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल. तिसरा, टाइप-सी, पहिल्या कामाला घेऊच नका. पूर्ण जॅकमध्ये २४ बारीक संपर्क असतात, हॉट एअरशिवाय, म्हणजे गरम हवेच्या गनशिवाय, तो निघत नाही, आणि चार्जिंग न होण्याचं कारण कित्येकदा जॅक नसून व्होल्टेज ठरवणारी चिप असते. साधा यूएसबी टेस्टर मध्ये लावला आणि आकडा ५ व्होल्टवरच अडला, तर ॲडॉप्टर आणि लॅपटॉप यांच्यात व्होल्टेजची बोलणी होत नाहीत एवढं कळतं. संपर्क तुटलाय की चिप गेली, हे मात्र पुढे शोधावं लागतं.

उघडण्याबद्दल थोडक्यात. त्याच्यावर व्हिडिओ ढिगाने आहेत आणि बहुतेक दुप्पट वेगाने पळवलेले आहेत. नेमका जिथे हात थांबायला हवा तो भाग त्यात कापलेला असतो, हे माझं ठाम मत. रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली स्क्रू असतात, ते राहिले असताना कव्हर ओढू नका. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या पत्र्याला उंचवटा आणतो किंवा बोर्डच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे तांब्याच्या रेषेत, घुसतो.

कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल ओढली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि मग जॅकचं काम राहतं बाजूला. कीबोर्ड-टचपॅडच्या पट्ट्या ओढण्याआधी त्यांचं कुलूप बघा. काही कुलपं वर उचलायची असतात, काही बाहेर सरकवायची. वायफायच्या दोन वायरी कुठली कुठे, याचा फोटो काढा. हीटसिंक काढावं लागलं तर त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने स्क्रू थोडे थोडे सैल करा आणि परत लावताना नवी थर्मल पेस्ट लावा. जुन्यावर भागवू नका.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी लांबवणार आहे.

बोर्डवरच्या जॅकचे पाय ज्या भोकांतून जातात ती नुसती भोकं नसतात. प्रत्येक भोकाच्या आत तांब्याची नळी असते. लॅपटॉपचा बोर्ड म्हणजे सहा, आठ, दहा थरांची चवड, आणि ही नळी वरच्या-खालच्या पॅडला, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीला, आतल्या थरांशी जोडते. तिची जाडी साधारण २० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाहून पातळ. जॅकमधून येणारे तीन-चार अँपियर कित्येकदा याच नळीतून आतल्या थरात जातात.

ग्राउंडचे पाय आत तांब्याच्या अख्ख्या पत्र्याला जोडलेले असतात. तुम्ही सोल्डरिंग आयर्न लावता आणि तो पत्रा उष्णता ओढून घेतो. वरचं सोल्डर चकाकतं, वितळल्यासारखं दिसतं, पण भोकाच्या मध्यात ते अजून घट्ट असतं. कंपनीचं सोल्डर बहुतेक बिनशिशाचं असतं आणि ते साधारण २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे आणखी फसवं. इथेच हाताला वाटतं, निघतोय, थोडं ओढलं की येईल. ओढता, जॅक हातात येतो, आणि सोबत ती नळीही येते.

नळी गेली हे ओळखायचं कसं? निघालेल्या पायावर तांबूस बांगडीसारखा तुकडा दिसतो, आणि भोकाची भिंत चांदीसारखी न दिसता पिवळट-तपकिरी, तंतूंची दिसते. नाठाळपणा असा की यानंतरही नवा जॅक छान बसतो. खालून सोल्डर गोल, चकचकीत दिसतं. लॅपटॉप एखादे वेळी चालूही होतो, कारण एखाद्या बाजूचा पॅड अजून टिकून असतो. मग लोड आला की जॅक तापतो, नाहीतर काही दिवसांत ‘नवा जॅक खराब निघाला’ म्हणत मशीन परत येतं. जॅक खराब नव्हता.

तर ओढायचं नाही. हे वाक्य टेबलासमोर लिहून लावलंत तरी चालेल.

मग काढायचा कसा? जुना जॅक वाचवायचा नाही, बोर्ड वाचवायचा आहे. साइड कटरने जॅकचं प्लास्टिक कुरतडून फोडा, पत्र्याचं कवच कापा, आणि प्रत्येक पाय सुटा करा. कापताना कटर पिळू नका, त्याचाही ताण भोकावर येतो. सुटा पाय एकटा तापवणं सोपं, पाच पाय एका वेळी वितळलेले ठेवणं नवख्याच्या हाताला जमत नाही. अख्खा जॅक एका झटक्यात काढून दाखवणारे उस्ताद असतात. त्यांच्या हातामागे किती डेड बोर्ड आहेत ते ते सांगत नाहीत.

प्रत्येक जोडावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा आणि शिशाचं ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) थोडं मिसळा. ते १८३ अंशांना वितळतं, त्यामुळे मिश्रण लवकर सैल होतं. आयर्नचं टोक रुंद छिन्नीसारखं हवं. सुईसारखं टोक ग्राउंडवर निरुपयोगी आहे, त्यातून उष्णता जातच नाही आणि मग माणूस तापमान वाढवत सुटतो. ३८० अंशांच्या आसपास आणि रुंद टोक, हे ४५० अंश आणि बारीक टोक यापेक्षा कितीतरी बरं. फार तापलं की पॅड बोर्डपासून सुटतात. तरीही ग्राउंड वितळत नसेल तर खालून हॉट एअरने तो भाग १२०-१५० अंशांपर्यंत तापवून घ्या. शेजारच्या प्लास्टिक कनेक्टरांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लावा, आणि आसपास नाण्याच्या आकाराची बॅटरी असेल तर आधी काढा. आता पाय चिमट्याने धरा आणि आयर्न खालून टेकवा. सोल्डर पूर्ण वितळलं की पाय आपोआप सरकतो. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून वितळलेलं नाही. थांबा, पुन्हा फ्लक्स, पुन्हा सोल्डर.

कमी तापमानाला वितळणारं बिस्मथचं सोल्डर वापरलं तर काम लोण्यासारखं होतं, पण ते नंतर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) शेवटच्या थेंबापर्यंत साफ करावं लागतं. शिशात मिसळून राहिलं तर शंभर अंशांच्या आतबाहेरच मऊ पडतं, आणि तापणाऱ्या जॅकखाली ते नको.

भोकं साफ करताना एका बाजूने आयर्न, दुसऱ्या बाजूने वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सोल्डर पंप. भोक बुजलेलंच राहिलं तर ताजं सोल्डर भरून पुन्हा ओढा. ड्रिल मारू नका. ड्रिल म्हणजे ती नळी स्वतःच्या हाताने खरवडणं.

आणि नळी गेलीच तर? बोर्ड मेला असं समजू नका. हे बहुतेक वेळा वाचतं. पॉझिटिव्हचा ट्रॅक पुढे पहिल्या मोठ्या पार्टपर्यंत शोधा. तो साधारण जाड बीड (करंटमधला गोंगाट गाळणारा ठोकळा) किंवा आठ पायांचा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारी चिप) असतो. नव्या जॅकच्या पायापासून तिथपर्यंत १८ किंवा २० गेजची सिलिकॉन कव्हरची वायर टाकून जंपर मारा. ग्राउंडला जवळच्या स्क्रूभोवतीचं तांबं खरवडून तिथे जोडा. वायर कव्हरखाली चेपणार नाही अशी बसवा. दिसायला ओबडधोबड, पण केस-पातळ जंपरपेक्षा हे टिकतं. केसाएवढी वायर सिग्नलला चालते, चार अँपियरला नाही.

नवा जॅक भोकांत बोटाने बसला पाहिजे. ठोकायचा नाही. आधी एकच ग्राउंड पाय सोल्डर करा, बोर्ड तात्पुरता बेसमध्ये ठेवा आणि प्लग घालून बघा. जॅक अर्धा मिलिमीटर तिरका असेल तरी कव्हर त्याला कायम ढकलत राहतं आणि जोड तडकतो. सरळ असेल तर बाकीचे पाय भरा, सोल्डर दोन्ही बाजूंना दिसेपर्यंत. इलेक्ट्रॉनिक्सचा रोझिन किंवा नो-क्लीन फ्लक्सच वापरा, नळदुरुस्तीचा ॲसिड फ्लक्स हळूहळू तांबं खातो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ. सैल जॅकभोवती झटपट चिकटणारा गोंद ओतणाऱ्यांच्या नादी लागू नका. तो संपर्कात उतरतो, आणि पुढच्या माणसाला जॅक काढताना विषारी धूर देतो.

तपासणीत बीपवर विसंबू नका. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात, आणि इथे ०.१ ओहमसुद्धा जास्त आहे. ६५ वॅटचा १९ व्होल्टी ॲडॉप्टर ३.४२ अँपियर देतो. ०.१ ओहमवर त्याची एक वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या टिचभर जोडात होते. ९० वॅटचा ४.७४ अँपियर, तिथे सव्वादोन वॅट. ओहम मोडवर हे दिसतही नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा किंवा जास्त असतो. म्हणून मशीन चालू करून मिलिव्होल्ट मोजा. हीटसिंक आणि पंखा जागेवर, बॅटरी अर्धीअधिक रिकामी, चार्जिंग चालू. एक प्रोब जॅकच्या पॉझिटिव्ह पायावर, दुसरा पुढच्या पहिल्या पार्टच्या जवळच्या टोकावर. प्रोब शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका, इथे हात घसरला तर केलेलं सगळं वाया. शंभराच्या बरेच खाली, वीस-तीस-चाळीस मिलिव्होल्ट आले तर छान. तीनशेच्या घरात आले तर जोड पुन्हा करा. ग्राउंडचंही तसंच. शिवाय अर्ध्या तासाने जॅकला बोट लावून बघा. कोमट ठीक, चटका नको.

बॅटरी जोडण्याआधी नुसत्या ॲडॉप्टरवर चालू करून बघणं चांगलं, पण काही मशीन बॅटरीशिवाय सुरू होत नाहीत, तेव्हा लगेच हबकू नका. उजेड नाही म्हणून जॅक पुन्हा उपटायला घेण्याआधी स्क्रीनची केबल आणि पॉवर बटणाची पट्टी नीट बसलीय ना बघा. सहसा तीच राहिलेली असते.

बेसमध्ये जॅकला धरणारी प्लास्टिकची खाच मोडली असेल तर तिची दुरुस्ती याच फेरीत करा, एपॉक्सीने किंवा बेस बदलून. खाच नसेल तर प्लगचा प्रत्येक धक्का सरळ सोल्डरवर येतो. बिजागरीजवळचं प्लास्टिक तडकलेलं असेल तर तेही, कारण झाकण उघडताना बेस वाकतो आणि जॅक त्याच कोपऱ्यात असतो. आणि ॲडॉप्टरचा प्लग पुसून उजेडात बघा. आतला पत्रा काळा पडलेला किंवा सैल असेल तर तो प्लगही बदला, नाहीतर नवा जॅक त्याच प्लगने जळेल आणि दोष तुमच्या सोल्डरिंगवर येईल.