सर्विसिंगनंतर जुन्या ट्रकचं इंजिन वाजायलंय? खोलायच्या आधी हे बघा

ऑइल बदललं, तिन्ही फिल्टर बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) केले, नवा पट्टा टाकला आणि दुसऱ्या दिवशी जालन्यातून सळई भरून निघालात तर इंजिनातून कधी न ऐकलेला आवाज यायलाय. धाब्यावर गाडी लावली की चार जण जमतात, एक म्हणतो मेटल (क्रँकचं बेअरिंग) गेलं, दुसरा म्हणतो नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी), तिसरा तर डायरेक्ट हाफ इंजिनच काढायला लावतो. त्यांचं ऐकू नका. कालपर्यंत नव्हता आणि आज आला म्हणजे मधल्या वेळात ज्या ज्या गोष्टीला हात लागला तिथंच आधी बघायचं, बाकीचं इंजिन नंतर. जुन्या गाडीत सर्विसिंगनंतरचा आवाज बहुतेक वेळा ढिलं राहिलेलं, उलटं बसलेलं नाहीतर चुकीच्या मापाचं काहीतरी असतं.

मी इथं जुन्या टाटा १६१३, २५१५ मधलं कमिन्सचं सहा सिलेंडरचं ६बीटी, ५.९ लिटरवालं इंजिन धरून लिहायलोय, मेकॅनिकल डिझेल पंपाचं. तुमच्याकडं टाटाचं जुनं ६९७ इंजिन असेल किंवा लेलँड असेल तर बघायचा क्रम हाच, मापं मात्र त्या इंजिनच्या बुकातली घ्या. आणि कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारी, गाडी असेल तर खाली नोझलची एक टेस्ट आहे ती अजिबात करायची नाही, तिथं परत सांगतो.

पहिलं काम म्हणजे गॅरेजला फोन. भांडायला नाही. "उस्ताद, तुमचं काम चुकलं म्हणून नाही फोन केला, काय काय खोललं होतं तेवढं सांगा" असं विचारलं की माणूस खरं सांगतो, नाहीतर सगळंच "काही नाही मालक, फक्त ऑइल बदललं" होतं. विचारायचं ते असं, ऑइल कुठलं टाकलं, फिल्टर कोणता बसवला, टॅपेट गरम इंजिनवर केले का थंड, मॅनिफोल्डला (हेडवरचा हवेचा नाहीतर धुराचा पाइप) हात लागला का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल पंप जागेवरून काढला होता का. एवढ्यावरच निम्मा शोध लागतो.

आता गाडीकडं. कानाच्या आधी डोळे वापरा. सपाट जागेवर लावा, चाकाला उटी लावा, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या मग डिपस्टिक काढा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी ऑइल भरा आणि ते गेलं कुठं ते शोधा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर वॉशर कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्याच्यावर नवं बसतं, मग दोन वॉशरमधून प्रेशरनं ऑइल बाहेर फेकलं जातं, लोडवर गेलं की जास्तच. मग चालू करून गेज बघा. या कमिन्सला गरम इंजिनवर स्लोला (रेस न देता) कमीत कमी १० पीएसआय आणि फुल रेसला ३० पीएसआय पाहिजे, किलोत धरलं तर साधारण ०.७ आणि २.१. याच्या खाली काटा असेल आणि आवाज असेल तर जागेवर बंद करा, घरापर्यंत हळूहळू नेऊ हा विचारच सोडा, टोचन लावा. काट्यावर विश्वास नसेल (जुन्या गाड्यांत नसावाच) तर गॅरेजचं मेकॅनिकल गेज लावून खात्री करा, सेन्डर खराब असतो लई वेळा.

नवा फिल्टर ऑइल न भरता कोरडाच बसवला असेल तर पहिल्या स्टार्टला चार-पाच सेकंद खडखड येते नि जाते, ती एकदाच. रोज सकाळी पहिल्या स्टार्टला तशी खडखड येत असेल तर फिल्टर हलका आहे, त्यातला ऑइल अडवून धरणारा व्हॉल्व्ह काम करत नाही, रात्रभरात ऑइल खाली उतरतं. चांगला फिल्टर टाका. जुनं ऑइल काजळीनं जाड झालेलं असतं, नवं १५डब्ल्यू-४० त्या मानानं पातळ, म्हणून झिजलेल्या इंजिनात आधीचाच बारीक आवाज जरा उघडा पडतो. प्रेशर बरोबर असेल तर त्याचं टेन्शन घेऊ नका.

ऐकायचं कसं तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. गळ्यातलं उपरणं, गमछा काढून केबिनात ठेवा, फॅन आणि पट्ट्याजवळ लोंबणारं काहीच नको, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आणि मनात नोंद करा, आवाज थंडपणी का गरमपणी, स्लोला का रेसला, रिकाम्या गाडीला का लोडवर, क्लच दाबल्यावर बदलतो का. क्लच दाबल्यावर येतो किंवा जातो तर तो बहुतेक वेळा इंजिनचा नसतो, रिलीज बेअरिंग नाहीतर गिअरबॉक्स बघा.

आता टॅपेट, कारण सर्विसिंगनंतरच्या आवाजात माझा पहिला संशय यांच्यावरच असतो. शिलाई मशीन चालल्यागत बारीक टकटक, वरून, हेडकडून, रेस केली की त्याच प्रमाणात वाढते, लोडनं फार फरक पडत नाही, तर ते टॅपेट. ६बीटीला प्रत्येक सिलेंडरचं टोपण वेगळं आहे, सहा टोपणं, त्यामुळं स्क्रू ड्रायव्हर एकेका टोपणावर टेकवत गेलं की कुठलं वाजतंय ते लगेच कळतं. मापं अशी, इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी, म्हणजे जुन्या भाषेत १० थाऊ आणि २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि इंजिन थंड पाहिजे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असताना गाडी येऊन तासभर झाला म्हणजे थंड झाली असं नसतं, रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी करा.

टॅपेटमध्ये घोटाळे तीन. एक, इनलेट एक्झॉस्टची अदलाबदल. दोन, माप बरोबर लावलं पण लॉक नट आवळताना स्क्रू फिरला, म्हणून नट आवळून झाल्यावर (२४ न्यूटन मीटर) परत फिलर (माप घ्यायची पत्ती) घालून बघायचंच. तीन, पुशरॉड आपल्या वाटीत नीट न बसताच आवळला, तो वाकतो मग टकटक नाही तर चांगलाच ठोका येतो आणि ते सिलेंडर मिसिंग पण करतं. परत करायचं असेल तर एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा, टायमिंग पिन लावून खात्री करा आणि फिरवायच्या आधी पिन आठवणीनं बाहेर ओढा, नाहीतर पिन तुटते. त्या पोझिशनला १ चे दोन्ही, २ चं इनलेट, ३ चं एक्झॉस्ट, ४ चं इनलेट, ५ चं एक्झॉस्ट. मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून राहिलेले, २ चं एक्झॉस्ट, ३ चं इनलेट, ४ चं एक्झॉस्ट, ५ चं इनलेट आणि ६ चे दोन्ही.

आणि एक सांगतो, आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट मापापेक्षा घट्ट करून देणारे मेस्त्री असतात, गाडी एकदम गप्प होते, मालक पण खुश. पण घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गरम झाल्यावर सीटवर पुरता बसत नाही नि जळतो. जरा वाजणारं टॅपेट परवडलं, गप्प बसलेलं घट्ट टॅपेट परवडत नाही.

पट्ट्याचा आवाज ओळखायला सोपा, किरकिर, चीची, सकाळी जास्त. चालू गाडीत लांबून पट्ट्यावर बाटलीनं थोडं पाणी सोडा. आवाज क्षणभर गेला तर पट्टा किंवा पुली लाइनीत नाही, उलट वाढला तर पट्टा ढिला आहे, घसरतोय. किरकिर नसून घरघर असेल तर बेअरिंग, नवा पट्टा जास्त ताणला की अल्टरनेटरचं नाहीतर वॉटर पंपाचं जुनं बेअरिंग बोलायला लागतं. पट्टा काढून इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा, जास्त नाही कारण वॉटर पंप बंद असतो. आवाज गेला तर इंजिन सोडा, पुल्या हातानं फिरवून बघा.

एअर फिल्टर बदलल्यावर शिट्टी किंवा सूं सूं यायली, तेही लोडवर, पिकअप कमी आणि काळा धूर, तर टर्बोच्या होजची क्लिप ढिली. टर्बोच्या पुढची, इंजिनकडं जाणारी होज असेल तर फक्त पॉवर जाते. पण फिल्टर ते टर्बो यामधली क्लिप ढिली असेल तर ते लई वाईट, कारण तिथून फिल्टर न होता धूळ आत ओढली जाते, आणि आपल्याकडं कारखान्याचा सीझन चालू असताना उसाच्या फडातून, काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यानं गाडी निघते तेव्हा किती धूळ असते ते सांगायला नको. रिंगा आणि सिलेंडर दोन्ही खातं. ही क्लिप आज बघा, उद्या नाही. एक्झॉस्टचं उलटं असतं, फटफट, फसफस, थंडपणी जास्त, लोडवर जोरात, आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो. बऱ्याच जणांना हा टॅपेटचाच आवाज वाटतो.

डिझेल फिल्टर बदलला आणि एअर राहिली तर गाडी गचके देते, स्लोला वरखाली होते, मधेच खडखडते. फीड पंपाचा हँड प्रायमर मारत फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, बुडबुडे संपून साफ डिझेल येईपर्यंत. परत परत एअर धरत असेल तर फिल्टरचं वॉशर किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा जोड बघा.

एअर नाही, तरी एकाच सिलेंडरचा कडक ठोका आहे तर कट करून बघायचं. स्लोला ठेवून एका नोझलच्या पाइपाचा नट पाऊण फेरा ढिला करा, आवाज बघा, आवळा, पुढच्यावर जा. डोळ्यावर चष्मा, नटावर जाड फडकं, आणि फवाऱ्यासमोर हात कधीच नाही. प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, वरून सुईएवढं भोक दिसतं नि आत हात सडतो, तसं झालं तर हळद लावत बसू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. आणि कॉमन रेल गाडीला, म्हणजे बीएस-४, बीएस-६ वाल्या बहुतेक सगळ्या ट्रकना, हे करायचंच नाही, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जातं, तिथं स्कॅनर लावून सिलेंडर कट करतात. आपल्या मायकोच्या मेकॅनिकल पंपवाल्या गाडीत एखादं सिलेंडर कट केल्यावर ठोका गेला किंवा एकदम कमी झाला तर दोष त्याच सिलेंडरचा. मग तिथली नोझल शेजारच्या सिलेंडरला लावा, ठोका नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर खाली बघावं लागेल.

सगळ्याच सिलेंडरचा आवाज कडक झालाय, स्टार्टिंगलाच कर्कश, आणि पंप काढून परत बसवला होता असं उस्ताद म्हणाले तर टायमिंग पुढं गेलंय. मागं गेलं असेल तर आवाज मऊ पण पांढरा धूर आणि ओढत नाही. हे रस्त्यावर करायचं काम नाही, पंपवाल्याकडंच जा.

एअर कॉम्प्रेसर विसरतात सगळे. गिअरवर चालतो, त्याचा ठोका हुबेहूब कनेक्टिंग रॉडचा वाटतो आणि लोकांनी त्यापायी इंजिन उतरवलेत. ब्रेकच्या टाकीत हवा पूर्ण भरू द्या, साधारण ७-८ किलोला फुस्स करून अनलोडर कट होतो, तेव्हा ठोका बदलला का बघा. मग ब्रेक मारून मारून हवा उतरवा, कॉम्प्रेसर लोडवर आला नि ठोका परत आला तर इंजिन नाही, कॉम्प्रेसर.

जुन्या केबिनात इंजिनचं झाकण आतच असतं, त्याची एक क्लिप लागली नाही किंवा खालचं फोम निघालं तरी ड्रायव्हरला वाटतं इंजिन फुटायलंय. डिपस्टिकचा पाइप, अल्टरनेटरची पट्टी, फॅनला घासणारं काउल, हेही हातानं हलवून बघा. एकदा नजर टाकली की झालं.

एवढं सगळं करूनही खालून, ऑइल पॅनकडून, जड ठोका येतोय, गरम झाल्यावर वाढतो, लोडवर वाढतो आणि प्रेशर पण उतरतं, तर मग मेटलचा संशय धरा. नवा बसवलेला ऑइल फिल्टर काढून पत्रा कापा, आतला कागद उलगडून उन्हात बघा. चमक दिसली तर चुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड, रिंग नाहीतर गिअरकडचं. चिकटत नाही आणि पिवळट किंवा पांढरट चमक आहे तर बेअरिंगचं मेटल, पॅन उतरवावंच लागेल. या टप्प्यावर लवकर थांबलात तर मेटल आणि क्रँक पॉलिशवर भागू शकतं, रेटत राहिलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

दोष सापडला, दुरुस्त केला, तर लगेच बीडकडं मांजरसुंब्याच्या चढाला भरलेली गाडी नेऊ नका. आधी रिकामी एक चक्कर, परत येऊन ऑइल लेव्हल, फिल्टरखाली ठिपका, होजच्या क्लिपा बघा, मग लोड. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतोच, त्याचा ताण पहिल्या ट्रिपनंतर परत करून घ्या.