भाडेवाढीची नोटीस देण्यापूर्वी : इंदूरच्या घरमालकांसाठी तयारीची यादी

भाडे वाढवण्याचा विचार पक्का होण्याआधी कपाटातला करार बाहेर काढावा आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, वाढीचे कलम त्यात आहे की नाही, असल्यास ते टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत, हे नीट वाचून घ्यावे. अकरा महिन्यांचा करार चालू असेल आणि त्यात असे कलम नसेल, तर मधेच वाढ मागता येत नाही. दोघांच्या सहीने ठरलेला आकडा मुदत संपेपर्यंत दोघांनाही बांधून ठेवतो. रामबाग किंवा नारायणबागेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात वडिलांच्या काळापासून तोंडी व्यवहार चालत आला असेल, तर भाडेपावत्यांची स्थळप्रत आणि बँकेचे पासबुक आधी शोधावे, कारण वाढ मागण्यापूर्वी चालू भाडे नेमके किती हे दाखवता आले पाहिजे.

त्यानंतर कायद्याकडे वळावे. १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम ‘प्रमाण भाडे’, म्हणजे घराचे कायद्याप्रमाणे ठरणारे कमाल भाडे, ही कल्पना मानतो, आणि ते वाढवण्याची मुभा मालकाच्या मर्जीवर सोडत नाही. घरात भर घातली, सुधारणा केली किंवा बांधकामात बदल केला, आणि त्या खर्चाला भाडेकरूची किंवा भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याची संमती होती, तर त्या खर्चापोटी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत वाढ मागता येते. दिवाळीआधीची रंगसफेदी, गळका नळ बदलणे, गच्चीच्या भेगा बुजवणे ही नेहमीची दुरुस्ती झाली. तिच्या बळावर भाडे वाढत नाही. म्हणून नवे स्नानगृह किंवा जादा खोली बांधण्यापूर्वीच भाडेकरूची लेखी संमती घेऊन ठेवावी, आणि गवंड्यापासून फरशीवाल्यापर्यंत सर्वांची बिले एका फायलीत लावावीत. काम उरकल्यावर संमती मागायला जाणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आता नोटीस. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद देता देता ‘काका, पुढच्या महिन्यापासून पाचशे वाढवून द्या’ असे सांगणे इंदूरच्या मराठी घरांत रीतीला धरून वाटेल, पण ते कायद्याच्या हिशेबी धरले जात नाही. नोटीस लेखी हवी, तिच्यावर मालकाची किंवा त्याच्या वतीने अधिकृत व्यक्तीची सही हवी, आणि ती दिल्यापासून तीस दिवस उलटल्यानंतरच्या काळासाठीच वाढीव भाडे वसूल करता येते. समजा नोटीस २० ऑगस्टला भाडेकरूच्या हाती पडली, तर तीस दिवस १९ सप्टेंबरला पुरे होतात; महिना एक तारखेपासून धरला जात असेल तर नवा आकडा १ ऑक्टोबरपासून लावणे सुटसुटीत पडते आणि तुटक दिवसांच्या हिशेबावरून वादही होत नाही. मजकुरात घराचा पूर्ण पत्ता व मजला, चालू भाडे ९,००० रुपये, मागितलेले भाडे ९,६०० रुपये, वाढीचे कारण आणि लागू होण्याची तारीख इतके स्पष्ट असावे. पाण्याचा किंवा सफाईचा खर्च वेगळा घेत असाल तर तो भाड्यात न मिसळता स्वतंत्र ओळीत लिहावा. भाडेकरू खरगोन किंवा धारहून शिकायला आलेला विद्यार्थी असेल तर नोटीस हिंदीत लिहिणे शहाणपणाचे, कारण समजलेल्या कागदावर हरकत कमी येते.

सहीबाबत एक गोष्ट हमखास राहून जाते. घर वडिलांच्या नावावर, वडील मुलाकडे पुण्याला, आणि भाडे गोळा करतो इंदुरातला पुतण्या, अशी स्थिती असेल तर पुतण्याच्या नावाचे लेखी अधिकारपत्र नोटिशीपूर्वी तयार असले पाहिजे. घर भावंडांच्या सामाईक नावावर असेल तर शक्य तो सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

नोटीस पोहोचवण्याची पद्धत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०६ व्या कलमाप्रमाणे असते : टपालाने पाठवावी, भाडेकरूच्या हाती द्यावी, किंवा त्याच्या राहत्या जागी कुटुंबीयाकडे अथवा नोकराकडे द्यावी, यांपैकी काहीच शक्य नसेल तर घराच्या ठळक भागी चिकटवावी. हातोहात देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा खिडकीवर पोच मिळण्याची सोय मागून घ्यावी आणि पावती नोटिशीच्या प्रतीलाच टाचून ठेवावी. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात तीन महिने आधी लेखी सूचना देण्याची तरतूद आहे. तो राज्यांसाठीचा नमुना आहे, पण लहान मुलांची शाळा असलेल्या कुटुंबाला तेवढी मुदत देणे मला रास्त वाटते.

भाडेकरूने नकार दिला तर काय, याचीही तयारी आधीच असावी. जुने भाडे घेणे थांबवू नये. ते घ्यावे आणि पावतीवर ‘वाढीबाबतचा हक्क राखून’ असे लिहावे, कारण तुम्ही भाडे नाकारले तर तो ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करू शकतो. नळ बंद करणे किंवा वीज तोडणे हे तर कायद्यानेच मना आहे. थकबाकीवरून घर रिकामे करून मागताना मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत ‘कायद्याने वसूल होण्याजोगी’ थकबाकी दिली गेली नाही, एवढेच पाहिले जाते. नियम डावलून लावलेली वाढ त्या थकबाकीत धरली जात नाही, आणि सहा महिने वाट पाहून कोर्टात गेलेला मालक तिथेच अडतो.

बोलणी जमली तर नव्या आकड्याचा करार ई-स्टँपवर करावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि मुदत एक वर्षाहून अधिक ठेवायची असेल तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार त्याची नोंदणी करावी. पुढच्या वाढीचा दर व तारीख त्याच करारात लिहून घ्यावी, आणि वाढीव रकमेची पहिली पावती महिन्याचे नाव घालून त्याच दिवशी द्यावी.