आफ्रिकेच्या वाटणीवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्यवादावर प्रश्न आला की बरीचशी सराव उत्तरं एकाच वाक्याने सुरू होतात : ‘बर्लिनमध्ये युरोपीय राष्ट्रांनी नकाशावर रेघा मारून आफ्रिका वाटून घेतली.’ वाक्य झकास आहे. नेमकं तेच आधी खोडा.

बर्लिन परिषद 15 नोव्हेंबर 1884 ला सुरू झाली आणि 26 फेब्रुवारी 1885 ला संपली. यजमान जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क, हजर देश चौदा, त्यांत आफ्रिकेचा प्रतिनिधी एकही नाही. इथपर्यंत ठीक. पण तिथल्या करारात काय होतं? काँगोच्या खोऱ्यात खुला व्यापार, काँगो आणि नायजर नद्यांवर सगळ्यांच्या जहाजांना मोकळीक, आणि किनाऱ्यावर नवा ताबा सांगणाऱ्याने बाकीच्यांना कळवून तिथे प्रत्यक्ष अंमल दाखवायचा, ही अट. म्हणजे वाटणीचे नियम ठरले. बहुतेक सीमा पुढे दोन-दोन देशांच्या तहांत आखल्या गेल्या. 1890 च्या तहात जर्मनीने झांजिबारवरचं ब्रिटिश संरक्षण मान्य केलं, बदल्यात उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट घेतलं. असा एक तह उत्तरात आला की परीक्षकाला कळतं, पोराने गाइडच्या पुढे वाचलंय.

‘काँगो ही बेल्जियमची वसाहत’ हे 1908 नंतरच खरं. 1885 पासून तोवर तो प्रदेश राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. तिथे तो स्वतः एकदाही गेला नाही. त्यामुळे तिथल्या लोकांकडून जबरदस्तीने रबर गोळा करून घेण्याबद्दल लिहिताना ‘बेल्जियम सरकारने’ असं लिहू नका.

तिसरी चूक युरोपच्या विजयाचं सगळं श्रेय मॅक्झिम गनला, म्हणजे त्या काळच्या मशीनगनला, देण्याची. बंदुकांचा फरक मोठाच होता, मलेरियावरच्या क्विनाइन या औषधानेही हातभार लावला. पण 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना इथे झुलू लोकांनी ब्रिटिशांचा पराभव केला, तो प्रामुख्याने भाले आणि ढालींच्या बळावर. इथिओपियाची गोष्ट तर आवर्जून लिहावी अशी. इटलीशी झालेल्या 1889 च्या वुचालेच्या तहातलं सतरावं कलम अम्हारिक भाषेत सांगत होतं की सम्राटाला परराष्ट्र व्यवहारात इटलीची मदत घेता येईल. इटालियन मजकुराप्रमाणे ती घ्यावीच लागणार होती. सम्राट मेनेलिक दुसरा याने तह झुगारला, आधुनिक बंदुका जमवल्या आणि 1 मार्च 1896 ला आडवा इथे इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. (उत्तरात ‘आडवा’ वाचून हसू नका, गावाचं नाव आहे.) मात्र ‘इथिओपियावर कधीच परकी सत्ता नव्हती’ असंही ठोकून देऊ नका, 1936 ते 1941 तिथे इटलीचा कब्जा होता.

प्रत्येक मोहीम म्हणजे वसाहत, हाही घोळ होतो. 1868 मध्ये मुंबईच्या फौजेचे सरसेनापती नेपियर मुंबईहून सैन्य घेऊन याच इथिओपियात गेले, मॅग्डालाचा किल्ला घेतला, तिथल्या सम्राटाने डांबलेले युरोपीय कैदी सोडवले आणि परत फिरले.

शेवटी परिणाम. इथे ‘तोटे : शोषण, फायदे : रेल्वे व शिक्षण’ असे दोन रकाने करून मोकळं होण्याची सवय आहे. एखादी रेल्वे घ्या आणि ती कुठून कुठे जाते ते बघा. काँगोतली मटाडी बंदराची लाइन 1898 मध्ये पूर्ण झाली. खालच्या टप्प्यातल्या धबधब्यांमुळे नदीतून जहाज जात नव्हतं, म्हणून आतला माल बंदरापर्यंत आणायला ती टाकली. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला कारकून मोरेल याच मालाच्या जहाजी नोंदी बघत होता. काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरून जहाजं येत आणि जाताना मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा नेत. त्या मालाचा मोबदला म्हणावा असा व्यापारी माल जवळपास जातच नव्हता. सक्तीची मजुरी चालली आहे, हे त्याने एवढ्यावरूनच ओळखलं.