खडकाचा सांधा, खडबडीतपणा आणि पाणी : या चुका टाळा

खडकातल्या नैसर्गिक चिरांना आम्ही सांधे म्हणतो. मे महिना सरत आला की त्यांच्याबद्दल असे फोन हमखास येतात. "सर, कटिंगमधल्या सांध्यांना जेआरसी १२ धरलाय, चालेल ना?" मी विचारतो, कशासाठी धरलाय? दरड घसरेल का ते पाहायला, की पाणी किती झिरपेल ते काढायला? "दोन्हीला, सर." घोळ इथूनच सुरू होतो.

जेआरसी (जॉइंट रफनेस कोएफिशियंट) म्हणजे सांध्याच्या खडबडीतपणाचा ० ते २० मधला आकडा. बार्टन आणि चौबे यांनी १९७७ मध्ये दिलेल्या दहा नमुना रेषांशी ताडून तो ठरवतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे एकमेकांत नीट बसलेले असतात तोवर ते खडकाला धरतात आणि पाण्यालाही अडवतात. सांधा जरासा सरकला की तेच उंचवटे एकमेकांवर चढतात, फट रुंदावते आणि पाण्याला वाट मोकळी होते. म्हणून खडबडीत सांधा 'चांगला' की 'वाईट', या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

मोजलेली फट तशीच गणितात घालणे

उघड्या कड्यावर फिलर गेजने (फटीत सरकवायच्या पातळ पात्यांनी) फट मोजायची आणि थेट घनाच्या नियमात टाकायची, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, पण ते दोन गुळगुळीत समांतर पाट्यांसाठी. खऱ्या सांध्यात पाणी टेकलेल्या ठिकाणांना वळसे घालत जातं, त्यामुळे पाण्याच्या दृष्टीने फट लहान असते. त्यातून सुरुंगाने सैल झालेल्या कड्यावरची फट आतल्या खडकाबद्दल फारसं काही सांगत नाही.

बार्टन, बँडिस आणि बख्तर यांचं १९८५ चं सूत्र सोपं आहे. मोजलेल्या फटीचा वर्ग करायचा आणि त्याला जेआरसीच्या २.५ व्या घाताने भागायचं, सगळं मायक्रॉनमध्ये. फट २०० मायक्रॉन आणि जेआरसी १० असेल तर पाण्याची फट सुमारे १२६ मायक्रॉन येते, म्हणजे गुळगुळीत फटीच्या पाव प्रवाह. आता जेआरसी १२ धरा. फट ८० मायक्रॉनवर येते आणि प्रवाह पंधराव्या हिश्शावर. दोन आकड्यांच्या फरकाने पाणी चौपट बदललं! एकाच रेषेकडे पाहून दोन अनुभवी माणसं एवढा फरक सहज करतात. सांधा घसरायला किती विरोध करतो ते सांगणाऱ्या बार्टनच्या ताकदीच्या सूत्रात हीच चूक मला चालते: उभा (म्हणजे सांध्याला काटकोनातला) दाब ०.५ मेगापास्कल, सांध्याच्या भिंतीच्या खडकाची ताकद ६० मेगापास्कल आणि मूळ घर्षणकोन २८ अंश घेतला तर १० ऐवजी १२ धरल्याने ताकद साधारण १६ टक्के वाढते. म्हणून पाझरासाठी जेआरसीचा एकच आकडा देऊच नका, पल्ला द्या.

आणखी एक खाच. त्याच २०० मायक्रॉनला जेआरसी ८ लावा. उत्तर २२१ मायक्रॉन, म्हणजे मोजलेल्या फटीपेक्षा मोठं! सूत्र आपल्या हद्दीबाहेर गेलं, एवढाच त्याचा अर्थ. तरी असे आकडे अहवालात छापून आलेले मी पाहिलेत.

दिशा न पाहणे

ही चूक माझ्याकडूनच झालीय. गोव्यातल्या डिचोलीकडच्या फिलाईट या पत्र्यांसारख्या थरांच्या खडकात थरांवर बारीक चुण्या असतात, नेसत्या साडीच्या निऱ्यांसारख्या. मी कंगवा-गेज (पृष्ठभागाचा आकार टिपणारी काड्यांची पट्टी) सोयीच्या बाजूने, म्हणजे चुण्यांना आडवा लावला आणि झकास आकडा लिहिला. उतार मात्र चुण्यांच्या लांबीने घसरणार होता. त्या दिशेने पृष्ठभाग जवळजवळ पाटीसारखा होता. ताकदीसाठी मोजायचं ते घसरण्याच्या दिशेने. पाण्याचं वेगळंच: सांधा सरकल्यावर उघडणाऱ्या वाटा बहुधा सरकण्याच्या दिशेला आडव्या जातात, म्हणून पाणी बाजूने फुटलं तर दचकू नका.

हातभर नमुन्यावरून अख्खा उतार

नमुना रेषा १० सेंटिमीटरच्या आहेत. त्या लांबीवरचा १२ हा दोन मीटरच्या सांध्यावर लांबीसाठीच्या बार्टन-बँडिसच्या दुरुस्तीने जेमतेम ६ उरतो.

कोन वाढला म्हणून खूश होणे

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वर घेतलेल्या जेआरसी १२ च्या सांध्यात २० मीटर पाण्याचा दाब चढला की प्रभावी दाब (पाण्याचा दाब वजा जाऊन खडकावर उरणारा) ०.५ वरून ०.३ मेगापास्कलवर येतो. सूत्रातला घर्षणकोन मात्र ५३ वरून जवळपास ५६ अंशांवर चढतो, कारण कमी दाबाखाली उंचवटे चिरडत नाहीत. नुसता कोन पाहणाऱ्याला वाटतं उतार बळकट झाला. प्रत्यक्षात ताकद सुमारे एक तृतीयांश घटलेली असते. मार्चमधली कोरडी पाहणी जुलैच्या गणितात घालायची तर पिझोमीटरच्या, म्हणजे खडकातला पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदी हव्यात.

सरकलेल्या सांध्याला न सरकलेल्याचं सूत्र

२.५ घाताचं सूत्र नीट बसलेल्या सांध्यासाठी आहे. एक-दोन मिलिमीटर सरकलेल्यात पाझर कित्येक पटींनी वाढू शकतो. उभा दाब जास्त असेल तर उलटही घडतं: उंचवटे भरडले जातात आणि त्यांचा चुरा वाट बुजवतो. कुठल्या बाजूने जाईल ते कागदावर ठरत नाही, पॅकर चाचणी घ्यावी लागते, म्हणजे बोअरचा एक भाग बंद करून त्यात दाबाने पाणी सोडून पाहावं लागतं. तिथे दाब टप्प्याटप्प्याने चढवा आणि तसाच उतरवा. सगळ्यांत वरच्या टप्प्यात ल्युजॉन (या चाचणीतून येणारा पाझराचा आकडा) एकदम उसळला आणि उतरताना खाली आला तर तुमच्याच पाण्याने सांधा उघडला होता. तो आकडा मूळ खडकाचा म्हणून लिहू नका.

जिथे सांधा नाही तिथे जेआरसी

जुलै २०२४ मध्ये गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे खोळंबली, तेव्हा मला लगेच 'सांध्यांचा खडबडीतपणा' विचारला गेला. अहो, तिथली जमीन मऊ मातीची! तिथे हे गणित मांडायचंच नाही. खडकातही सांध्यात उंचवट्यांहून जाड चिकणमाती भरली असेल तर ताकद मातीचीच धरायची.

पण ती माती अहवालापर्यंत पोहोचतच नाही. ड्रिलर कामसू असतो, कोअर (बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल) चकचकीत धुऊन पेटीत रचतो आणि सांध्यातली माती पाण्याबरोबर वाहून जाते. त्याला आधी सांगून ठेवा आणि फोटो धुण्याआधीच काढा.