सेकंडहँड छोटी डिझेल कार घ्यायचीये? आधी रनिंग मोजा

एप्रिल २०२० ला बीएस६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं, टियागो डिझेलही गेली, त्यामुळे आता छोटी डिझेल म्हणजे बहुतेक वेळा जुनी स्विफ्ट, रिट्झ नाहीतर ग्रँड आय१०. स्विफ्ट-रिट्झमधलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, आपल्या रांजणगावलाही बनायचं, आणि खरंच दणकट आहे.

पण आधी हिशोब करा. समजा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये, शहरात पेट्रोलवाली १४ चं ॲव्हरेज देते, डिझेलवाली १८ चं, म्हणजे किलोमीटरमागे साधारण २ रुपये ४० पैसे वाचतात. डिझेल गाडीला लाखभर जास्त मोजले तर ते वसूल व्हायला ४२ हजार किमी चालवावी लागणार. रोज पुण्याहून रांजणगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन शंभरेक किमी असेल तर दीड वर्षात पैसे फिटले, पण घर ते ऑफिस ५ किमी आणि रविवारी मंडई एवढंच असेल तर प्लीज नका घेऊ, पेट्रोल किंवा सीएनजी बघा. सर्व्हिसिंगही डिझेलचं महागच पडतं आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) किंवा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला की एका झटक्यात बरीचशी बचत साफ.

आणि मुद्दा नुसत्या पैशांचा नाही, छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापतच नाही, काजळी साठते, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) जाम होतो. बीएस६ गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला अधूनमधून हायवेला १५-२० मिनिटं एकसारख्या स्पीडने पळवावी लागते. शिवाय ट्रॅफिकमध्ये दोन हजार आरपीएमच्या खाली पिकअप मिळत नाही, सारखा गिअर बदलून डावा पाय भरून येतो. मोकळ्या रस्त्याला मात्र एसी लावून चार माणसं बसवून घाट चढा, मजा येते राव, तो जोर छोट्या पेट्रोलला नाही.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा, गार हवं. गार इंजिन पटकन स्टार्ट झालं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा भसाभस येत असेल तर इंजेक्टर, ईजीआर, टर्बो तिन्ही तपासून घ्या. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, तिथून धूर जोरात फुंकल्यासारखा येत असेल तर इंजिनकाम जवळ आलंय, सरळ निघून या, भाव कितीही पाडला तरी. टेस्ट ड्राइव्हला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढले आणि स्पीड नाही वाढला तर क्लच प्लेट संपलीये.

दिल्ली पासिंगची डिझेल फार स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचा नियम आला. ती घेणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो तो धरूनच भाव करा, डिझेलला आपल्याकडे पेट्रोलपेक्षा जास्त लागतो.