परदेशात एक सेमिस्टर करायला जाताय? बॅगेच्या आधी क्रेडिटचं बघा

परदेशात एक सेमिस्टर करायचं नक्की झालं की घरात पहिली चर्चा बॅगेचीच सुरू होते, किती किलो चालतात, कुठलं जॅकेट घ्यायचं वगैरे. पण बॅग शेवटच्या आठवड्यातसुद्धा भरून होते, क्रेडिटचा कागद, म्हणजे तिथले विषय आपल्या डिग्रीत धरले जातील याची मंजुरी, मात्र शेवटच्या आठवड्यात होत नाही. तिकडे चार-पाच महिने राबून आलात आणि आपल्या कॉलेजनं सांगितलं की यातले दोन विषय आम्ही धरणार नाही, तर अख्खी डिग्री लांबते. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

तिथल्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन ज्या सेमिस्टरला तुम्ही जाणार त्याच सेमिस्टरला चालणारे कोर्स काढा, कारण बरेच कोर्स वर्षातून एकदाच चालतात आणि कॅटलॉगमध्ये मात्र बाराही महिने दिसतात. तुम्हाला चार-पाच कोर्स लागणार असतील तर आठ-नऊ निवडा. तिथे पोचल्यावर एखादा भरलेला असतो, एखाद्याची वेळ दुसऱ्यावर येते, एखादा ऐनवेळी रद्दच होतो, हे जवळपास ठरलेलं असतं. मग प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफमध्ये उतरवून ठेवा आणि आपल्या डिपार्टमेंटला मेल करून विचारा की हा कोर्स आपल्याकडच्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार, किती क्रेडिट देणार, आणि मार्क चढणार की नुसतं पास असं लागणार. जे पर्याय म्हणून ठेवलेत त्यांचीही मंजुरी आत्ताच घ्या. सर तोंडी ‘हो हो, होईल’ म्हणाले तर ते छानच आहे, पण त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेल टाका आणि उत्तर येईपर्यंत विनम्रपणे मागे लागा. सेमिस्टरच्या मध्ये एचओडी (विभागप्रमुख) बदलले तर तो मेलच तुमच्या कामाला येतो.

क्रेडिटचं गणित देशागणिक वेगळं असतं. युरोपात बहुतेक ठिकाणी इसीटीएस ही क्रेडिट मोजायची सामायिक पद्धत चालते, त्यात पूर्ण वर्षाचे ६० आणि सेमिस्टरचे ३० क्रेडिट धरतात. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट म्हणजे पूर्ण लोड. त्यामुळे नुसता आकडा बघून ‘इथे डबल क्रेडिट मिळतात’ असं समजू नका. एरास्मससारख्या (युरोपियन युनियनचा विद्यार्थी-एक्स्चेंज) प्रोग्राममध्ये यासाठी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागदच असतो, त्यावर तुमची सही, तुमच्या कॉलेजची आणि तिथल्या युनिव्हर्सिटीची अशा तिन्ही सह्या लागतात. तुमच्या प्रोग्राममध्ये असा कागद नसेल तर तसाच एक तक्ता स्वतः करून मंजूर करून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

तारखाही आत्ताच जुळवा. अमेरिकेत फॉल सेमिस्टर साधारण ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं, जर्मनीत विंटर सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि ऑस्ट्रेलियात पहिलं सेमिस्टर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे तिथली परीक्षा आणि आपल्या कॉलेजचं पुढचं सेमिस्टर एकमेकांवर चढू शकतात. परतीचं तिकीट परीक्षेची तारीख कळल्यावरच काढा, आणि आधी काढावंच लागलं तर तारीख बदलता येईल असं काढा.

आता व्हिसा. ऑफर लेटर आलं की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंटच्या तारखा बघायला लागा, कारण फॉर्मपेक्षा अपॉइंटमेंट मिळायलाच जास्त वेळ जातो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने असावी, काही देशांना कमी चालते पण सहा असली की कुठेच अडत नाही. अमेरिकेच्या एफ-१ (विद्यार्थी) किंवा जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर प्रोग्राम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात जाता येत नाही, तेव्हा ‘आधी महिना-दीड महिना फिरू, मग कॉलेज’ असा बेत आखू नका. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर म्हणून करता येतो, पण मग तिथे काम करायला बंदी असते, पार्टटाइम जॉब डोक्यात असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ओटीपी. घरच्या बँकेचा ओटीपी घरच्याच नंबरवर येणार, आणि तुम्ही तिकडे जाऊन नवीन सिम टाकणार. म्हणून जुन्या सिमवर रोमिंग चालू करून घ्या, निदान मेसेज आले पाहिजेत, आणि ते सिम रिचार्ज नसल्यामुळे बंद पडणार नाही याची जबाबदारी घरी कोणाला तरी द्या. दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, एक पाकिटात आणि एक रूमवर. पहिल्या महिन्याचा हिशोब नेहमीपेक्षा वेगळा धरा, कारण डिपॉझिट, पहिलं भाडं, अंथरूण-पांघरूण, बसचा पास हे सगळं एकदमच येतं.

राहायचं म्हणाल तर एकाच सेमिस्टरसाठी युनिव्हर्सिटीचं हॉस्टेलच बरं, भाडं थोडं जास्त असलं तरी. बाहेर रूम बघत असाल तर व्हिडिओ कॉलवर दार उघडून आतलं सगळं दाखवल्याशिवाय एक पैसा पाठवू नका. मालक सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट आलं की चावी कुरियरनं पाठवतो, असं कोणी म्हणालं की विषय तिथेच संपवा, ती फसवणूकच असते.

बॅगेबद्दल थोडक्यात. पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर, इन्शुरन्स आणि क्रेडिटचे मेल हे सगळं छापून हातातल्या बॅगेत, आणि त्याचीच कॉपी फोनवर ऑफलाइन. पॉवरबँक पण हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. रोजची औषधं मूळ पाकिटातच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर औषधाचं ब्रँडचं नाही तर मूळ नाव लिहिलेलं. आपलं औषध तिथे चालतं का हेही बघा, एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाचं) अ‍ॅडरॉल जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. बाकी कपडे तिथेही मिळतात.

तिथे पोचायची वेळ शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात येईल अशी ठेवा. हॉस्टेलचं ऑफिस शनिवार-रविवारी बंद असेल तर चावी कोण देणार? जर्मनीत तर रविवारी बहुतेक दुकानंही बंद असतात.

आणि पहिले दोन आठवडे कुठलाही फिरायचा प्लॅन ठेवू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. सगळ्यात पहिलं काम पत्त्याची नोंदणी. जर्मनीत रूम मिळाल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते चावी घेतानाच मागा. जपानमध्ये राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक ऑफिसात जावं लागतं. बऱ्याच ठिकाणी एकाला दुसरं अडकलेलं असतं, पत्ता नाही तर बँक खातं नाही, खातं नाही तर फोनचा प्लॅन नाही, म्हणून पहिला कागद उशिरा झाला की पुढचं सगळंच लटकतं.

याच काळात कोर्स बदलायची मुदत असते आणि ती फार पटकन संपते. पहिल्या आठवड्यात लागतील त्यापेक्षा एक-दोन कोर्स जास्तच बसून बघा, मग ठेवा किंवा सोडा. काही बदललंत तर त्याच दिवशी आपल्या डिपार्टमेंटला मेल करून नवीन कोर्सची मंजुरी घ्या, ‘परत आल्यावर बघू’ नको. लेक्चर संपल्यावर प्रोफेसरला जाऊन आपण एक्स्चेंजला आलोय हे सांगा, आणि मार्क कशावर आहेत तेही विचारून घ्या, कारण काही ठिकाणी सगळं शेवटच्या एका परीक्षेवर असतं तर काही ठिकाणी दर आठवड्याच्या सबमिशनवर आणि वर्गात बोलण्यावरसुद्धा.

सुरुवातीचं नावीन्य ओसरलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास खूप जणांना एकदम उदास वाटायला लागतं, झोप येत नाही, दिवसभर घरच्यांशी फोनवर बोलत राहावंसं वाटतं. तुमचं काही चुकलंय म्हणून हे होत नाही. घरच्या फोनची एक वेळ ठरवा आणि आठवड्यातून दोनदा तरी ठरलेल्या ठिकाणी जायला लागेल असं काहीतरी धरा, एखादा क्लब, खेळ, भाषेचा वर्ग, काहीही. तरीही आठवडा-दोन आठवडे उठवतच नसेल तर युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरची अपॉइंटमेंट लगेच घ्या, विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी फुकट असते, आणि परीक्षा जवळ आल्या की नंबर लवकर लागत नाही.