टेबलाला रंधा मारू नका: इंग्लंडला निघालेल्या कोल्हापूरकर पोरांसाठी

हे मी शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी बसून लिहितोय. मे महिना आहे, दुपारी वळीव पडून गेलाय. गेल्या पंधरा दिवसांत सप्टेंबरला इंग्लंडला निघालेली सहा-सात पोरं आईवडिलांना घेऊन भेटून गेली. प्रश्न सगळ्यांचे तेच. कुकर किती लिटरचा, चटणी किती किलो, थंडीचे कपडे इथनं घ्यावेत की तिथं. (कुकर तीन लिटरचा, कपडे तिथंच.) राहायच्या जागेबद्दल मात्र खोली मिळाली की संपलं, असं सगळे धरून चालतात. मग नोव्हेंबरात जाऊन बघावं तर पोर पलंगावर ताट घेऊन जेवतंय, अभ्यासही पलंगावर, झोपही तिथंच, आणि मान धरली म्हणून घरी फोन.

मी २००५ पासून इंग्लंडातल्या रेडिंगला राहतो. बँक, डॉक्टरकडे नाव नोंदवणं, हे सगळं तुम्हाला कॉलेज सांगेल. टेबलाचं कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. पहिल्या महिन्यात टेबल घ्या, जुनं घ्या, आणि त्याच्या वरच्या फळीला रंधा किंवा पॉलिश पेपर लावू नका. यातलं शेवटचं मी या लेखात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण त्याची किंमत मी मोजलीय.

जुनं का, ते आधी. स्वस्तातलं नवीन टेबल म्हणजे भुसा दाबून केलेली फळी आणि त्यावर लाकडाच्या छापाचा कागद. कडेनं पाणी शिरलं की फुगतं. दोनदा खोली बदलली की स्क्रू धरत नाहीत, आणि तुम्ही पहिल्या दोन वर्षांत चारदा तरी खोली बदलणार. त्याच पैशात, पुष्कळदा कमीत, १९५० ते १९७५ च्या दरम्यानचं सागवानी टेबल मिळतं. तिकडं त्याला मिड-सेंच्युरी म्हणतात. निमुळते पाय, साध्या सरळ रेषा, नक्षीकाम नाही. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई झाली म्हणून तिथल्या सरकारनं फर्निचरचे ठरावीक साधे नमुने नेमून दिले होते, आणि ती बंधनं १९५२ पर्यंत होती. ती उठली आणि पुढच्याच वर्षी, १९५३ ला, हाय विकम गावच्या गॉम कंपनीनं जी-प्लॅन नावाचं फर्निचर बाजारात आणलं. एकदम सगळा सेट न घेता जमेल तसा एकेक नग घ्या आणि घर भरा, ही त्यामागची कल्पना. नव्यानं संसार मांडणाऱ्यांसाठीच ते होतं, आणि आज तुमची गरज तीच आहे.

हाय विकम रेडिंगपासून तासाच्या आत आहे. आपल्याकडं चांदी म्हटलं की हुपरी, चप्पल म्हटलं की कापशी, तसं तिकडं खुर्ची म्हटलं की हे गाव. तिथल्या फुटबॉल संघाला लोक चेअरबॉईज म्हणतात. अर्कोल हे दुसरं मोठं नाव त्याच गावचं. १९२० साली तो कारखाना काढणारा लुशियन अर्कोलानी लहानपणी आईबापांबरोबर इटलीतून आलेला. परक्या मुलखातून आलेल्या पोरानं तिथल्याच एल्म आणि बीच लाकडातून इंग्लंडची खुर्ची घडवली, हे मला फार मोठं वाटतं. स्कॉटलंडच्या मॅकिंटॉशची टेबलंही उत्तम. नाव दिसलं नाही तर टेबल उलटं करून खालून बघा, शिक्का किंवा लेबल तिथं असतं.

आता माझी चूक.

माझे मामा मेस्त्री. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर टिंबर मार्केटला लाकूड बघायला जायचो. दांडेलीचा साग ते नाकानं ओळखायचे. ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो, तो आला की मान हलवायचे. पेठेतल्या जुन्या वाड्याचं काळं पडलेलं दार त्यांच्याकडं यायचं, ते त्याला रंधा मारायचे आणि आतनं सोन्यासारखं लाकूड निघायचं. सागवान म्हणजे आरपार सागवान, ही समजूत माझ्या डोक्यात त्या दारांनी बसवली. तुमच्याही डोक्यात तीच आहे.

२००९ ला मी एका निवृत्त बस ड्रायव्हरकडून साठ पौंडांना टेबल घेतलं. १९६७ ला लग्नानंतर त्यांनी ते नवीन घेतलं होतं. बायको वारली, ते मुलीकडं राहायला निघाले होते. टेबल गाडीत चढवायला स्वतः हात लावला आणि जाताना फळीवरनं एकदा हात फिरवून म्हणाले, नीट सांभाळ. वरती कपांचे पांढरे गोल होते, एका कोपऱ्यात शाईचा डाग. म्हटलं, मामांसारखं करू. शनिवारी घासायचं मशीन भाड्यानं आणलं आणि परसात टेबल मांडलं. पहिल्या फेरीत गोल गेले, तांबूस भुसा उडाला, सागाचा वास आला, आणि मला शिवाजी पेठेत असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या फेरीत कडेजवळ रुपयाएवढा फिकट ठिपका दिसला. मला वाटलं, हेच खरं लाकूड, म्हणून आणखी दाबलं. ठिपका तळहाताएवढा झाला आणि त्यात दाबून चिकटवलेल्या पोह्यांसारखे तुकडे दिसायला लागले. सागवान संपलं होतं. होतंच एक मिलिमीटरपेक्षा कमी.

त्याला विनियर म्हणतात. सागाचा पातळ पापुद्रा भुशाच्या फळीवर किंवा प्लायवर चिकटवलेला. पाय आणि कडेची पट्टी अस्सल सागाची, त्यामुळं नजर फसते. ती फसवणूक नव्हे. त्या काळातल्या चांगल्या कारखान्यांची पद्धतच ती होती, आणि सपाट मोठी फळी वाकू नये म्हणून ती योग्यही होती. नवीन विनियर चढवायचे तिथल्या कारागिरानं ३८० पौंड सांगितले. माझ्याकडं नव्हते. त्या ड्रायव्हरकाकांचा नाताळला फोन आला, टेबल कसं आहे विचारलं, आणि मी छान आहे म्हणालो. ते मला अजून लागतं.

त्यानंतर हीच चूक करताना मी आपली तीन पोरं बघितली. तिघांनीही घरी फोन लावला होता, आणि घरच्यांनी सांगितलं होतं, सागवान आहे ना, मग मारा रंधा. गेल्या वर्षीचा मुलगा राजारामपुरीचा. त्याला मी स्वतः सांगितलं होतं. तरी केलं.

विनियर ओळखायचं कसं? फळीच्या आखूड बाजूची कड बघा. अखंड लाकूड असेल तर वरच्या रेषा तिथं तुटून झाडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. तिथं लांबच लांब रेषा असतील तर ती वेगळी पट्टी आहे आणि वर पापुद्रा आहे. मग खाली वाकून बघा. वरची नक्षी आणि खालची नक्षी जुळत नसेल तर शंकाच नको. अर्कोलची एल्मची टेबलं बहुतेक अखंड असतात, त्यांना हलका पॉलिश पेपर चालतो. बाकी कशालाही नाही.

मग डागांचं काय? व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायला वापरतात ते) आणि शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची, कापसासारखी मऊ स्टील वूल आणा. रेषांच्या दिशेनं, हात हलका ठेवून, पन्नास वर्षांचं मेण आणि मळ काढा. वाळू द्या. मग डॅनिश ऑइल नावाच्या लाकडाच्या तेलाचा पातळ हात, आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घ्या. जे डाग राहतील ते राहू देत. एक गोष्ट मात्र जिवाची: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर सपाट पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका. लाकडी जिन्याच्या घरात सहा पोरं झोपलेली असतात, लक्षात ठेवा.

विकत घेण्याबद्दल. फेसबुक मार्केटप्लेस, गमट्री ही जाहिरातींची वेबसाइट, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची फर्निचरची दुकानं, रविवारचे कार बूट बाजार, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतनं जुनं सामान विकतात ते. टेबल डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. घासाघीस मेसेजवर करा, एकदा ठरलं की दारात उभं राहून पुन्हा पाच पौंड कमी करा म्हणू नका. महाद्वार रोडला तो बोलण्याचा भाग असतो. तिकडं तो दिलेला शब्द मोडणं होतो, आणि आपल्या लोकांचं नाव यानंच खराब झालंय. इंग्रज माणूस तोंडावर काही बोलत नाही, हसून पाच पौंड सोडतो आणि पुढच्या भारतीय नावाला उत्तरच देत नाही.

लिलावात जायचं असेल तर बोली म्हणजे किंमत समजू नका. लिलाववाले वर साधारण २० ते २५ टक्के कमिशन लावतात आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. शंभरावर हातोडा पडला तर २५ टक्क्यांनी १३० द्यावे लागतात, न्यायची गाडी वेगळी.

तिथल्या घरातली आतली दारं सहसा ७६ सेंटिमीटर रुंद, जिने अरुंद आणि वळणाचे. टेप घेऊन जा. पाय खोलता येतात का विचारा. वाढवता येणारं टेबल मिळालं तर सोडू नका. मधली फळी पोटात दुमडून ठेवलेली असते, चार जणांचं सहा-आठ जणांचं होतं. वाढवून, परत मिटवून बघा, मगच पैसे द्या. एक-दोन मिलिमीटरची बारीक भोकं आणि त्याखाली ताजी पिठासारखी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे, घेऊ नका. आपल्यासारखी वाळवी तिकडं नसते. ब्राझीलच्या शिसवीचं टेबल कुणी दाखवलं तर हात लावू नका. त्या झाडाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कागदपत्रांशिवाय विकता येत नाही. सोफा घ्याल तर आगीच्या सुरक्षेचं लेबल बघून घ्या.

घरच्यांचा एक आक्षेप येतो, तो मी हलका मानत नाही. परवा एका आईनं विचारलं, मेलेल्या माणसाचं टेबल घरात आणायचं? मी त्यांना आमच्या माजघरातला चौरंग दाखवला. तो पणजीचा. पूजा त्याच्यावरच होते. तिकडची म्हातारी माणसं घर रिकामं करताना आपलं टेबल कुणीतरी जेवायला वापरावं म्हणूनच देतात. पुष्कळदा फुकट देतात. उलट आपल्यातले बरेच जण नोकरी लागल्या लागल्या काळ्या काचेचा डायनिंग सेट हप्त्यानं घेतात, चार पाहुण्यांना दाखवतात आणि जेवतात सोफ्यावर. मला ते पटत नाही.

टेबल आल्यावर आपल्या सवयींपासून त्याला जपा. प्लास्टिकचं कव्हर थेट घालू नका, महिन्या दोन महिन्यांत ते पॉलिशला चिकटतं आणि काढताना पॉलिश घेऊन येतं. घालायचंच तर खाली जाड सुती कापड हवं. कडेला आवळायची नारळाची खवणी लावू नका, तिचा दात विनियरमध्ये कायमचा रुततो. टेबल हीटरला चिकटवून ठेवू नका, पापुद्रा उचलतो. रविवारी तांबड्या रश्श्याचा कट सांडणारच, तो लगेच कोरड्या फडक्यानं टिपा, पसरवू नका. घरमालकाचं टेबल असेल तर आल्या दिवशी वरून, खालून, चारी कोपऱ्यांचे फोटो काढून त्यांना ईमेल करा. इंग्लंडात डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं असतं आणि कुकरचा एक गोल त्यातला मोठा तुकडा खातो.

तो गोल गरम भांडं थेट ठेवल्यानं पडतो. तिकडं मिळणारे कॉर्कचे पातळ तुकडे आपल्या पातेल्याला पुरत नाहीत. आईला किंवा आजीला सांगून जुन्या लुगड्याच्या दोन घट्ट चुंबळी वळून घ्या आणि बॅगेत चटणीच्या डब्याभोवती बसवा. डबाही हलत नाही.